मेल्ट अँड पोअर साबण घरी करताय? आधी हे वाचा, मग बेस वितळवा

माझी पहिली बॅच मी चक्क उकळली होती. मुद्दाम नाही हो, मायक्रोवेव्हला दोन मिनिटं लावली आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले, परत येऊन बघते तर फेस भांड्याबाहेर येऊन खालच्या काचेवर सांडलेला आणि घरभर जळकट वास. तरी हट्टाने तोच साबण मोल्डमध्ये ओतला. संध्याकाळी जी वडी निघाली ती पिवळट, रबरासारखी आणि वरून चिकट होती, ती शेवटी मोजे धुवायला वापरली.

मेल्ट अँड पोअर, म्हणजे बाजारात मिळणारा तयार साबणाचा बेस नुसता वितळवून साच्यात ओतायचा, हा साबण करायचा सगळ्यात सोपा प्रकार आहे यात वाद नाही, पण सोपा आहे म्हणूनच लोक (मी धरून) दोन गोष्टी करतात, एक तर बेस जास्त तापवतात आणि दुसरं म्हणजे हाताला लागेल ते सगळं त्यात टाकतात. बिघडलेल्या बॅचेस बघितल्या तर बहुतेक याच दोन कारणांनी बिघडलेल्या असतात. त्यामुळे टेंपरेचर आणि प्रमाण यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

बेस म्हणजे नक्की काय

साबण बनतो तो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या रिअ‍ॅक्शनमधून, त्याला सॅपोनिफिकेशन म्हणतात. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हातावर उडाला तर भाजतं, म्हणून कोल्ड प्रोसेस साबण करणारे लोक चष्मा ग्लोव्हज घालून बसतात आणि वड्या चार ते सहा आठवडे मुरायला ठेवतात. आपल्या बेसमध्ये ही रिअ‍ॅक्शन आधीच होऊन गेलेली असते. त्यामुळे कॉस्टिकला हात लावायचा नाही, मुरवायचं नाही, गार झाला की त्याच दिवशी वापरायला तयार.

मग बाजारातली कुठलीही आंघोळीची वडी किसून वितळवली तर चालेल का, हा प्रश्न मला दर वेळी कोणीतरी विचारतंच. नाही चालत. नेहमीची वडी तापवली की ती पातळ होतच नाही, गोळा गोळा होऊन बसते. बेसमध्ये ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल असं काय काय घातलेलं असतं, त्याच्यामुळे तो पुन्हा पुन्हा वितळतो. आणि याच ग्लिसरीनमुळे पुढे साबणाला घाम पण येतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

बेस दोन मुख्य प्रकारचे, पारदर्शक आणि पांढरा. पांढरा म्हणजे बहुतेक वेळा पारदर्शकमध्येच टायटॅनियम डायऑक्साइड टाकलेला असतो. शिया बटर, गोट मिल्क, अ‍ॅलोवेरा वगैरे नावांचे बेस असतात ते याच कुटुंबातले, थोडा फरक फेसात आणि हाताला लागणाऱ्या मऊपणात. पहिल्यांदा करणाऱ्याने पांढरा घ्यावा असं माझं मत, कारण पांढऱ्यात बुडबुडे, न विरघळलेला रंग, सगळं झाकलं जातं. पारदर्शक दिसायला भारी पण एकही चूक लपवत नाही. पाव किलो किंवा अर्धा किलो घ्या, एकदम पाच किलोची लादी आणू नका.

काय काय जमवायचं

वजनकाटा, ग्रॅममध्ये दाखवणारा. अंदाजपंचे काम इथे चालत नाही, वासाच्या तेलाचं प्रमाण वजनावरच काढायचं असतं. थर्मामीटर, स्वयंपाकातला पण चालेल. उष्णता सहन करणारं भांडं, चोच असलेलं असेल तर ओतायला सोपं. सिलिकॉनचा चमचा. मोल्ड सिलिकॉनचे सगळ्यात बेस्ट, पण दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा किंवा दुधाचं खोकं पण चालतं. काचेच्या वाटीत ओतू नका, वडी बाहेर येतच नाही, मी चमच्याने खरवडून काढली आहे.

आणि एक स्प्रे बाटली, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे रबिंग अल्कोहोल. नव्वद टक्क्यांच्या वरचं मिळालं तर उत्तम, ७० टक्क्यांनी पण काम होतं. ही बाटली नसेल तर थांबा, आधी ती आणा. बुडबुडे घालवायला आणि थर एकमेकांना चिकटवायला हीच लागते. फक्त हे पेट घेतं हे डोक्यात ठेवा, गॅस चालू असताना त्याच्या आसपास स्प्रे मारायचा नाही.

मोल्डमध्ये किती मावतं हे बघायची सोपी युक्ती, मोल्ड पाण्याने भरा, ते पाणी काट्यावरच्या भांड्यात ओता, जे वजन येईल तेवढा बेस अधिक थोडासा वरचा. साबण पाण्यापेक्षा किंचित जड असतो शिवाय थोडा भांड्याला चिकटून जातो. नंतर मोल्ड नीट पुसून कोरडा करा, आत पाण्याचा थेंब राहिला की वडीवर खड्डा पडतो.

वितळवणे

बेसचे साधारण दोन सेंटीमीटरचे तुकडे करा, सगळे सारख्या आकाराचे. एक मोठा ढेकळा आणि बाकी चुरा असं असेल तर ढेकळा वितळेपर्यंत चुरा जळतो.

मायक्रोवेव्हमध्ये पहिले ३० सेकंद, बाहेर काढून हलवा, मग दहा-पंधरा सेकंदांचे हप्ते. मला माहितीये कंटाळवाणं आहे. पण तिथेच उभं राहायचं. शेवटचे तीन-चार तुकडे तरंगत असतील तेव्हा थांबायचं, ते बाकीच्या साबणाच्या उष्णतेने आपोआप विरघळतात, फक्त हळूहळू हलवत राहा. मायक्रोवेव्ह नसेल तर भांड्यात भांडं ठेवून, खालचं पाणी नुसतं गरम असू द्या, खळखळून उकळायला नको, आणि वरच्या भांड्यावर झाकण ठेवा. झाकण कशाला तर बेसमधलं पाणी वाफ होऊन गेलं की साबण जाडसर आणि चिवट होतो. पण झाकणाच्या आतल्या बाजूला साठलेलं पाणी बेसमध्ये सांडू देऊ नका.

बहुतेक बेस ५० ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान पूर्ण वितळतात. ७० च्या वर जाऊ द्यायचं नाही, तिथून पुढे पिवळेपणा आणि जळका वास सुरू होतो, आणि तो मग कुठल्याही सुगंधाने झाकला जात नाही. पाकिटावर कंपनीने वेगळं टेंपरेचर दिलं असेल तर ते पाळा.

हलवताना चमचा तळाला टेकवून गोल गोल फिरवा. अंडं फेटल्यासारखं केलं तर आत हवा जाते आणि ती हवा मग बुडबुडे होऊन वर बसते.

रंग

खाण्याचे रंग वापरू नका, म्हणजे साबण होईल, पण रंग आठवड्याभरात फिका पडतो आणि दोन थर असतील तर एकातला दुसऱ्यात उतरतो. लिक्विड साबण डायचं पण तसंच, एकरंगी वडीला छान, थरांच्या साबणाला नको. लाल-पांढरा केलेला साबण महिन्याभराने लाल-गुलाबी झाला की कळतं. मायका (अभ्रकाची रंगीत पूड) किंवा ऑक्साइड (खनिज रंगाची पूड) असेल तर रंग जिथल्या तिथे राहतो. कॉस्मेटिकसाठीचाच घ्या, क्राफ्टचा चमकीसारखा मायका नको.

मायकाची पूड थेट गरम बेसमध्ये टाकली की गुठळ्या होतात आणि मग त्या कितीही हलवा फुटत नाहीत. आधी एका छोट्या वाटीत थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, अगदी पातळ पेस्ट, आणि ती थोडी थोडी टाका. अर्ध्या किलोला पाव ते अर्धा छोटा चमचा मायका सुरुवातीला पुष्कळ झाला. गरम साबणात रंग दिसतो तसा गार झाल्यावर दिसत नाही, म्हणून एक थेंब पांढऱ्या बशीवर टाका, मिनिटभरात घट्ट होतो, तोच खरा रंग. जास्त रंग टाकला तर फेसच रंगीत येतो आणि टॉवेलवर डाग पडतात.

हळद टाकली तर काय होतं हे पण सांगते कारण ते प्रत्येकाला करायचं असतं. साबण अल्कलाइन असतो, त्यात हळद पिवळी राहत नाही, तांबूस-तपकिरी होते, आणि उजेडात ठेवली की तो रंग पण उडतो. चिमूटभर टाकली तर एक छान जुनाट केशरी येतो, तो मला आवडतो, पण लिंबूपिवळा हवा असेल तर मायकाच.

वास

इथे हात आवरायचा. फ्रेग्रन्स ऑइल जास्तीत जास्त वजनाच्या ३ टक्के, इसेन्शियल ऑइल १ टक्क्यापासून सुरू करा. म्हणजे १०० ग्रॅम बेसला १ ग्रॅम, अर्ध्या किलोला ५ ग्रॅम. थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. जास्त टाकलं म्हणजे जास्त वास असं होत नाही, तेल साबणात धरून राहत नाही, वर थेंब थेंब सुटतं, फेस कमी होतो, आणि अंगाला खाज सुटते ते वेगळंच.

दालचिनी आणि लवंग ही तेलं तर फारच कमी घ्यायची, कातडीला झोंबतात. विकणाऱ्याकडे आयएफआरएचं (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) सर्टिफिकेट मागा, त्यात त्या तेलाची साबणासाठीची मर्यादा लिहिलेली असते, ती माझ्या ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तीच पाळायची. मेणबत्तीसाठीचा किंवा रूम फ्रेशनरचा सुगंध साबणात घालू नका. आणि व्हॅनिला असलेला कुठलाही वास, म्हणजे चॉकलेट, कॅरॅमल, केक असे सगळे, पांढऱ्या साबणाला हळूहळू तपकिरी करतात. व्हॅनिलिनचा गुण आहे तो, तुमची चूक नाही. तपकिरीच साबण करायचा ठरवा, भांडण मिटलं.

सुगंध टाकायचा तो सगळ्यात शेवटी, साबण ५५ अंशाच्या आसपास उतरला की. फार गरम असताना टाकला तर निम्मा वास स्वयंपाकघरातच उडून जातो.

ओतणे

मोल्ड आधी ट्रेवर ठेवा, मग ओता. हे क्रमाने सांगायचं कारण असं की मी भरलेला सिलिकॉन मोल्ड दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि तो मधे वाकला. गरम साबण पायावर. गरम साबण पाण्यासारखा ओघळून जात नाही, तिथेच चिकटून बसतो आणि भाजत राहतो. असं झालं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली धरा, वीस मिनिटं, बर्फ नको. मुलांबरोबर करत असाल तर रंग निवडणं, चमचाभर मायका कालवणं ही कामं त्यांना द्या, ओतायचं काम मोठ्यांचं.

मोल्डमध्ये एक स्प्रे मारा, ५०-५५ अंशाला साबण बारीक धारेने ओता, आणि वर लगेच पुन्हा स्प्रे. बुडबुडे डोळ्यादेखत फुटतात, हा भाग मला अजून पण बघायला आवडतो. मग हलवायचं नाही. वर साय धरायला लागली की तर हातच लावायचा नाही, नाहीतर सुरकुत्या तशाच राहतात.

१०० ग्रॅमची वडी एक-दोन तासांत घट्ट होते, किलोभराची लादी असेल तर रात्रभर राहू द्या. घाईने फ्रीजरमध्ये ठेवायचा मोह होतो, पण बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं आणि पारदर्शक बेस गढूळ दिसतो. वडी निघतच नसेल तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये चालतील. काढताना आधी कडा चारी बाजूंनी बाहेर ओढा, आत हवा शिरू द्या, मग मागून अंगठ्याने दाबा. मधूनच ओढायला गेलात की कोपरा तुटतो.

काढल्यावर तशीच उघडी ठेवू नका. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी वडीवर दवासारखे थेंब दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं तेल सुटलं. ते पाणीच असतं, साबण खराब झालेला नसतो, टिपून घ्या आणि वापरा. पण दमट हवेत हे फार होतं म्हणून वडी पूर्ण गार झाली की त्याच दिवशी क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायची, आत हवा राहायला नको. गरम असताना गुंडाळली तर आतल्या आत घाम धरतो, ते पण नको.

आता हौस: थर, तुकडे, स्क्रब

थरांचा साबण दिसायला सगळ्यात भारी आणि फसायला पण. माझी एक निळी-पांढरी वडी तिसऱ्या आंघोळीला हातातच दोन चकत्या होऊन सुटली. कारण मी पहिला थर ओतून जेवायला गेले होते, तो पार गार झाला आणि वरचा थर नुसता त्याच्यावर बसला, चिकटलाच नाही. दुसरा थर ओतायची वेळ अशी ओळखा, बोट हलकेच टेकवलं तर साय फाटत नाही पण खालून ऊब लागते आणि थोडं लवचिक वाटतं. तेव्हा भरपूर स्प्रे मारा, आणि दुसरा साबण ५० अंशाच्या आसपास, चमच्यावरून हळू ओता. जास्त गरम ओतला तर खालची साय फोडून आत घुसतो. आणि वेळ चुकलीच, खालचा थर थंड पडला, तर काट्याने त्याच्यावर ओरखडे काढा, मग स्प्रे, मग ओता. बऱ्यापैकी धरतो.

पारदर्शक साबणात रंगीत तुकडे घालायचे असतील तर तुकडे आधी फ्रीजमध्ये थोडे गार करून पुसून घ्या, म्हणजे गरम साबणात ते वितळत नाहीत. सगळ्या बाजूंनी स्प्रे मारायला विसरू नका, नाहीतर कडेला चंदेरी हवेची रेघ दिसते. सोलाण्याने साबणाच्या वडीचे कुरळे पापुद्रे काढून तेही टाकता येतात, त्याने एकदम झकास दिसतं आणि मेहनत काहीच नाही.

ओट्सची पूड, खसखस, कॉफी असं काही स्क्रबसाठी टाकलं की ते सरळ तळाला जाऊन बसतं. उपाय एकच, थांबा. साबण ४८-५० अंशाला येऊन जरा दाटसर व्हायला लागतो, चमचा फिरवला की मागे वाट दिसते, तेव्हा पूड घालून ढवळा आणि लगेच ओता. अर्ध्या किलोला एक-दोन छोटे चमचे. अक्रोडाच्या टरफलाची भरड मला पटत नाही, टोकं फार असतात, चेहऱ्यावर तर अजिबात नको.

हे टाकू नका

ताजं दूध, फळांचा गर, काकडीचा रस, झाडावरून कापून काढलेला कोरफडीचा गर. काहीही ताजं नको. मी काकडी किसून टाकली होती, दहा दिवसांत वडीवर काळे ठिपके आणि कुबट वास. बेस तसाच टिकतो पण त्यात तुम्ही ओला पदार्थ घातलात की तो कुजणारच. व्हिटॅमिन ई टाकलं की टिकतं असं सांगतात, ते चूक आहे, व्हिटॅमिन ई तेल खवट होण्याचा वेग कमी करतं, बुरशीला ते अडवत नाही. दूध हवं तर पावडर घ्या, आणि ती पण ग्लिसरीनमध्ये कालवून.

लिंबाचा रस तर बिलकुल नको. आम्ल आणि साबण यांचं जमत नाही, साबण मोडतो आणि त्यातली फॅटी अ‍ॅसिड्स सुटी होतात, मिश्रण फाटल्यासारखं दिसायला लागतं. लिंबाचा वास हवाय ना, मग इसेन्शियल ऑइल आहे.

वरून तेल, बटर, मध टाकायचं असेल तर अर्ध्या किलोला सगळं मिळून एक छोटा चमचा. बदामाचं तेल थोडं, खोबरेल थोडं, शिया थोडं असं करत करत लोक चार चमचे टाकतात आणि मग फेस का येत नाही म्हणून विचारतात. आणि खरं सांगू का, साबण अंगावर मिनिटभर असतो आणि धुऊन जातो, त्यातल्या चमचाभर तेलाने कातडी उजळणार वगैरे काही नाही.

वाळलेली फुलं आत घातली की ती ओली होऊन तपकिरी पडतात. लॅव्हेंडरच्या कळ्या तर दोन आठवड्यांत उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात, सॉरी पण तसंच दिसतं. कॅलेंड्युलाच्या पाकळ्या त्यातल्या त्यात रंग टिकवतात.

बिघडलं तर

बेस पुन्हा वितळतो, त्यामुळे बहुतेक चुका परत भांड्यात टाकून दुरुस्त होतात. वास थोडा उडतो, पाणी कमी होतं, म्हणून वितळवताना चमचाभर पाणी घाला. दोनदा ठीक, चार-पाच वेळा वितळवलेला साबण चिवट होतो. उकळलेला मात्र सोडून द्या.

कोणाला द्यायचा असेल तर कागदावर आत काय काय घातलंय ते लिहा, खास करून वास कुठला, कारण ॲलर्जी त्यालाच जास्त येते. नवीन तेल वापरलं की मी आधी कोपराच्या आतल्या बाजूला फेस लावून धुते आणि एक दिवस वाट बघते. विकायचा विचार असेल तर तुमच्याकडचे कॉस्मेटिकचे नियम आधी बघा. आणि घेणाऱ्याला सांगा की वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवा, ग्लिसरीनचा साबण पाण्यात बसला की दोन दिवसांत लगदा होतो.

भांडी लगेच नळाखाली धरू नका, सगळं सिंक फेसाने भरतं. तळाला राहिलेला साबण घट्ट होऊ द्या, नखाने उचलला की पापडासारखा सुटून येतो. ते पापुद्रे एका डब्यात टाकत जा. माझा डबा आता काठोकाठ भरलाय, निळे, केशरी, दोन-तीन मोज्यांच्या साबणाचे पिवळे पण असतील, पुढच्या पारदर्शक बॅचमध्ये सगळे एकदम जाणार आहेत.